महामारीनंतर पेठ पुन्हा कशी जमते? उधारी, भिशी आणि अर्धवट ओळखींचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका किराणा दुकानाचा हिशेब मांडून बघू. दुकान काल्पनिक आहे आणि गणित सोपं जावं म्हणून आकडे गोल घेतले आहेत. महिन्याची विक्री 2 लाख. त्यातली निम्मी रोख, निम्मी वहीवर. वहीवरचे 1 लाख पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत, लोकांचे पगार झाले की वसूल होतात. लक्ष्मीपुरीतला होलसेल व्यापारी या दुकानदाराला पंधरा-वीस दिवसांची मुदत देतो. सगळा खर्च वजा जाता शेकडा 10 सुटतात, म्हणजे घरी न्यायला 20 हजार.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली. किराणा अत्यावश्यक, त्यामुळं हे दुकान उघडंच राहिलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, याचं तर झकास चाललंय, दारात रांग आहे. पण वहीवरची गिऱ्हाइकं कोण होती? रिक्षावाला, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधला टर्नर, लग्नात जेवण करणारा आचारी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी. सगळ्यांची कमाई एकाच दिवशी थांबली. 1 लाखाच्या उधारीतले 60 हजारच परत आले. असं तीन महिने चाललं, तर 1 लाख 20 हजार अडकले. हा सहा महिन्यांचा नफा झाला. तिकडं होलसेलवाल्याचीही वसुली थांबलेली. तो म्हणतो, "या खेपेला रोखच द्या, शेठ. माझ्याबी गळ्याला आलंय."

महामारीनंतर शहराचं काय बिघडतं आणि ते कसं दुरुस्त होतं, हे समजायला या वहीपासून सुरुवात करणं बरं. कारण "अर्थव्यवस्था" आणि "समाज" असे दोन कप्पे आपण डोक्यात करून ठेवलेत, आणि पेठेत ते दोन कप्पे नसतात. ती वही दुकानदाराचं खेळतं भांडवल आहे, गिऱ्हाइकाचं बिनव्याजी कर्ज आहे, आणि कोण कुणाला किती ओळखतं याची नोंदही आहे. बँकेला त्यातलं काहीच दिसत नाही.

मदत आली, ती कुणाच्या दारात?

सरकारनं काही केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली. मे 2020 मध्ये छोट्या-मध्यम उद्योगांसाठी 3 लाख कोटींची हमी कर्जाची योजना आली. तारण नको, हमी सरकारची. पण त्यात एक मेख होती. मिळणारं कर्ज हे 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्यावर जेवढं बँकेचं कर्ज बाकी होतं, त्याच्या 20 टक्के. ज्याच्यावर बँकेचं कर्जच नव्हतं त्याचे 20 टक्के किती? शून्य. आपल्या किराणावाल्याचं कर्ज लक्ष्मीपुरीच्या व्यापाऱ्याकडं आणि भिशीत होतं. म्हणजे आयुष्यभर बँकेच्या दारात न जाता धंदा केला, हाच त्याचा दोष ठरला.

हातगाडीवाल्यांसाठी 1 जून 2020 ला पीएम स्वनिधी सुरू झाली. पहिलं कर्ज 10 हजार, वर्षभरात फेडायचं, वेळेत फेडलं तर व्याजात 7 टक्के सवलत आणि पुढं 20 हजार, मग 50 हजार. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या दोन पायऱ्या 15 आणि 25 हजारांच्या झाल्या आणि कर्जवाटपाची मुदत मार्च 2030 पर्यंत वाढली. भाजीचा गाडा पुन्हा भरायला 10 हजार ही थट्टा नव्हे, नेमकी रक्कम आहे. पण त्यासाठी तुम्ही फेरीवाले आहात हे महापालिकेनं मान्य केलेलं लागतं: ओळखपत्र, विक्री प्रमाणपत्र, नाहीतर शिफारसपत्र. ज्याला कागद कसा काढायचा हे सांगणारं कुणी भेटलं, त्याचं काम झालं.

हे "कुणीतरी सांगणारं" हाच या लेखाचा विषय आहे.

घट्ट नाती आणि सैल ओळखी

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक गोष्ट मांडली, जी नंतर जगभर गाजली. लोकांना नोकरीची खबर कुठून लागते याचा त्यांनी शोध घेतला. उत्तर होतं: जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून. कारण सरळ आहे. तुमच्या भावाला, मेव्हण्याला, जिगरी दोस्ताला जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती ज्याचं नावही आपल्याला धड ठाऊक नाही, अशा माणसाकडून. चहाच्या गाड्यावर रोज शेजारी उभा राहणारा, सलूनमध्ये पुढच्या नंबरला बसलेला, गिरणीत डबा ठेवून गेलेल्या बाईची जाऊ.

आता महामारीकडं या नजरेनं बघा. घट्ट नाती तुटली नाहीत. उलट घरात चोवीस तास एकत्र राहून ती जरा जास्तच घट्ट झाली, काही घरांत तर कानठळ्या बसेपर्यंत. फोनवर मावश्या, आत्या, शाळेतले दोस्त पुन्हा सापडले. गेली ती अर्धवट ओळख. तिला फोन करता येत नाही, कारण तिचा नंबर नसतो. ती फक्त जागेवर भेटते आणि जागाच बंद होती.

कोल्हापुरात या जागा किती, याची मोजदाद केली तर गंमत वाटेल. संध्याकाळी गंगावेशीला म्हशीची धार समोर काढून दूध पिण्याचा कट्टा. तिथं ग्लास रिकामा व्हायला दोन मिनिटं लागतात आणि माणूस अर्धा तास उभा असतो. मिसळीच्या हॉटेलात अनोळखी माणसाशेजारी टेबल वाटून बसणं. खासबागेतली भेळ. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या, जिथं पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅचला हजारो माणसं एकमेकांच्या नावानं नव्हे, तालमीच्या नावानं ओळखतात. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की इथले फुटबॉल संघ तालमींचे आहेत. कुस्तीच्या आखाड्यातून उभ्या राहिलेल्या या तालीम मंडळांकडं गल्लीचा गणपती असतो, भांडणतंटा मिटवण्याचं काम असतं आणि फुटबॉलचा संघही असतो.

अशा जागांनी प्राण वाचतात, हे म्हणणं भावनेच्या भरातलं वाटेल, म्हणून पुरावा देतो. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त दगावली. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञानं दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या: नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडं गरिबी होती, एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडं होते. तरी पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळपास दहापट निघालं. त्यानं शोधलेली कारणं वाचताना आपली मंगळवार पेठ डोळ्यासमोर येते. दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर दुकानं चालू होती, फुटपाथवर वर्दळ होती. म्हातारी माणसं खरेदीच्या निमित्तानं बाहेर पडत, दुकानात गारव्याला बसत, आणि एखादी आजी दोन दिवस दिसली नाही तर कुणाच्या तरी लक्षात येई. पहिल्या वस्तीतली दुकानं आधीच बंद पडलेली होती. लोक दार लावून घरात बसले.

म्हणजे दुकान टिकवणं हे फक्त दुकानदाराचं पोट टिकवणं नसतं. तो उघडा काउंटर गल्लीवर नजर ठेवत असतो, आणि त्या कामाचं बिल कुणी त्याला देत नाही.

पुराची तालीम

कोल्हापूरची परिस्थिती इतर शहरांपेक्षा एका बाबतीत वेगळी होती. महामारी येण्याआधी सातच महिने शहर महापुरातून गेलं होतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, बापट कॅम्प, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग पाण्यात होता. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि शहराला दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. तेव्हा तालमींची पोरं, गणेश मंडळं, रेस्क्यूवाल्या संस्था यांनी नावा आणल्या, शाळांमध्ये छावण्या उघडल्या, भात-आमटीच्या कढया चढवल्या.

या धावपळीतून एक न दिसणारी गोष्ट शिल्लक राहिली: याद्या. कुठल्या गल्लीत एकटी म्हातारी माणसं आहेत, कुणाच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे, कुणाकडं टेंपो आहे, कुणाच्या भट्टीवर पाचशे माणसांचं जेवण निघतं. मार्च 2020 मध्ये रेशनच्या पिशव्या वाटायची वेळ आली तेव्हा अशा माहितीसाठी नव्यानं सर्वेक्षण करावं लागलं नाही. आपत्तीचा अभ्यास करणारे जिला समाजाची पुंजी म्हणतात, ती व्यवहारात अशी दिसते. ती वापरल्यानं कमी होत नाही, वापरली नाही की मात्र गंजते.

पण तिलाही मर्यादा आहे, आणि ती 2021 मध्ये दिसली. दुसऱ्या लाटेनंतर राज्यानं जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर केले. पॉझिटिव्हिटी किती आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत, त्यावर दुकानं कधी उघडायची ते ठरायचं. कोल्हापुरात रुग्ण लवकर कमी होईनात, त्यामुळं पुण्या-मुंबईत बाजार सुरू झाले तरी इथली दुकानं अडकून राहिली आणि व्यापारी रस्त्यावर उतरले. कशीबशी शटरं वर गेली आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा महापूर. दोन वर्षांत तिसरा तडाखा. ज्यानं पोटमाळ्यावर माल चढवून वाचवला होता, त्याला तो आता सावकाराचं व्याज भरायला पडत्या भावात विकावा लागला. मदत करणारेच मदत मागायच्या अवस्थेत आले. म्हणून "कोल्हापूरकर म्हणजे नाद खुळा, काहीही झालं तरी उभा राहतो" हे वाक्य ऐकलं की मला जरा धास्ती वाटते. ते कौतुक खरं आहे, पण त्याचा वापर सरकारी मदत लांबवायला सहज होतो.

याच काळातली एक गोष्ट मात्र कौतुकानं सांगावी अशी. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोक दान देतात. होळीला शेणी जाळण्यापेक्षा स्मशानाला द्या, असं आवाहन मंडळं दरवर्षी करतात. कोरोनात चिता थांबत नव्हत्या तेव्हा ही सवय कामाला आली. दिलेली शेणी कुणाच्या सरणावर जाणार, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. नात्यागोत्यापलीकडचा समाज म्हणजे काय, हे मुलांना समजवायचं असेल तर मी पुस्तकातली व्याख्या न देता या शेणी दाखवीन.

भिशी मोडायची की थांबवायची?

आता पैशाकडं परत येऊ, कारण ओळखी टिकल्या की नाही याची खरी परीक्षा भिशीत होते. समजा वीस दुकानदारांची भिशी आहे. रोजचे 100 रुपये, म्हणजे माणशी महिन्याला 3 हजार. दर महिन्याला 60 हजार जमतात आणि चिठ्ठी काढून एकाला मिळतात. वीस महिन्यांत प्रत्येकाला एकदा. आठ महिने झाले आणि टाळेबंदी लागली. आठ जणांनी उचल घेतलीय. त्यांनी भरलेत 24 हजार, घेतलेत 60. उरलेल्या बारा जणांनीही 24 हजार भरलेत, मिळालं काहीच नाही. भिशी या क्षणी मोडली तर बारा जणांचे मिळून 2 लाख 88 हजार बुडतात, आणि ते नेमके आठ जणांच्या खिशात राहतात.

कोर्टात जाण्यासारखा कागद कुणाकडं नसतो. मग आठ जण पैसे का परत भरतील? एकच कारण: उद्या सकाळी याच गल्लीत शटर उघडायचंय. सुट्टे संपले तर समोरच्याकडंच मागायचेत, मुलीच्या लग्नाला हीच माणसं बोलवायचीत. अशा भिशा वाचल्या त्या एका साध्या तोडग्यानं. "मोडायची नाही, थांबवायची." धंदा सुरू झाल्यावर रोजचे 100 चे 50 करायचे, महिने दुप्पट करायचे, आणि उरलेल्या चिठ्ठ्या नशिबावर न सोडता ज्याची नड मोठी त्याला आधी द्यायच्या. कुणाची नड मोठी हे ठरवायला सगळ्यांना सगळ्यांच्या घरचं माहीत असावं लागतं. बँकेचा हप्ता असा वाकत नाही.

भिशी आंधळेपणानं चांगली म्हणू नये. लिलावाच्या भिशीत नडलेला माणूसच सगळ्यात जास्त तोटा सोसून पैसा उचलतो, आणि भिशी चालवणाराच पसार झाल्याच्या तक्रारी पोलिसांत जातात. हे सगळं मान्य. तरीही बाजाराला पुन्हा उभं करायचं असेल तर आधी विचारावं की इथल्या भिशा चालू आहेत का. त्या चालू असतील तर लोक एकमेकांकडं पाठ फिरवून बसलेले नाहीत, एवढं नक्की.

उधारीचंही तसंच. थकलेल्या बाकीचं काय करायचं याला जो मार्ग लागू पडतो तो जुन्या दुकानदारांना पाठ असतो: जुनी बाकी वेगळ्या पानावर काढायची, नवा माल रोखीनं द्यायचा, आणि जुन्यातले दर आठवड्याला शंभर-दोनशे वळते करायचे. "काकी, मागचं राहू दे बाजूला. आजचं तेवढं आज द्या." यात काकींची अब्रू राहते, आणि मुख्य म्हणजे त्या बाकी टाळायला लांबच्या मॉलमध्ये जात नाहीत. उधारी थकली की गिऱ्हाईक तोंड चुकवतं आणि दुसऱ्या वाटेनं जातं. म्हणजे दुकानदाराचे पैसेही जातात आणि गिऱ्हाईकही.

गिऱ्हाईक आणायचं कुठून?

कर्जानं माल भरता येतो, विकला जाईल याची हमी मिळत नाही. महाद्वार रोडचं उदाहरण घ्या. अंबाबाईचं देऊळ मार्च 2020 मध्ये बंद झालं. त्या वर्षीचं नवरात्र भाविकांविना झालं. 16 नोव्हेंबरला पाडव्याला दार उघडलं, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद, आणि शेवटी 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेला उघडलं. देवळाभोवतीची साखळी मोठी आहे: ओटीचं साहित्य, वेणी-गजरे, कोल्हापुरी साज, चप्पल लाईन, यात्री निवास, खानावळी, स्टँडवरून येणारी रिक्षा. मध्ये कितीही कर्ज दिलं असतं तरी भाविक नाही म्हटल्यावर ते कर्ज फक्त बुडवण्याच्या कामाचं. इथं पुनर्बांधणी म्हणजे रांगेची नीट सोय, लोकांच्या मनातली भीती जाणं, आणि एसटी-रेल्वे वेळेवर येणं.

या प्रश्नाला कोल्हापूरच्या इतिहासात फार सुंदर उत्तर आहे. गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या सांगण्यावरून आणि मदतीनं चहाचं हॉटेल काढलं. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले, त्यामुळं सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. दुकान होतं, भांडवल होतं, नव्हता तो समाज. महाराजांनी पुढं जे केलं ते कुठल्याही पॅकेजमध्ये बसत नाही: स्वतःची गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून ते सगळ्यांदेखत चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. राजानं पैसे दिले असते तर एक दुकान वाचलं असतं. राजा गिऱ्हाईक झाला, त्यामुळं इतरांना तिथं जायला वाट मोकळी झाली.

आजच्या भाषेत याला मागणी उभी करणं म्हणतात. महापालिका, कॉलेज, साखर कारखाना, मोठं हॉस्पिटल यांनी आपला नाश्ता, गणवेश, छपाई, फर्निचर जवळच्या छोट्या माणसाकडून घेतलं आणि बिल वेळेत चुकतं केलं, तर ते अनुदानापेक्षा जास्त टिकाऊ ठरतं. राज्य सरकारची शिवभोजन थाळी याच जातीची होती. 26 जानेवारी 2020 ला ती 10 रुपयांना सुरू झाली, टाळेबंदीत 5 रुपयांना, एप्रिल 2021 पासून काही काळ मोफत मिळाली. शहरात थाळीमागं केंद्रचालकाला एकूण 50 रुपये मिळायचे, फरक सरकार द्यायचं. भुकेल्याला जेवण आणि खानावळीला गिऱ्हाईक, दोन्ही एकाच ताटात. अर्थात सरकारी बिल थकलं की तीच खानावळ आधी मेटाकुटीला येते, हेही लक्षात ठेवायला हवं.

गणेशोत्सवाचं चक्रही असंच फिरतं. 2020 मध्ये सार्वजनिक मूर्तीला 4 फुटांची आणि घरच्या मूर्तीला 2 फुटांची मर्यादा आली. बापट कॅम्पातल्या कुंभारांसाठी ही नुसती उंची नव्हती, वर्षाची कमाई होती. दुकानदाराकडून वर्गणी, वर्गणीतून मांडव, मांडवातून सुतार, लाईटवाला, बेंजोवाला, आणि त्यांच्या खिशातून पुन्हा किराणा दुकान. "वर्गणी म्हणजे खंडणी" असं वैतागून म्हणणारे व्यापारीही पहिल्या मोठ्या उत्सवाची वाट बघत होते. (डॉल्बीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.)

पेठेबाहेरची माणसं

आतापर्यंत तालमीचं, पेठेचं बरंच कौतुक झालं. आता अडचणीचं बोलू. घट्ट बांधलेली पेठ आपल्या माणसाला धरून ठेवते, पण आपलं कोण हेही तीच ठरवते. मे 2020 मध्ये श्रमिक रेल्वेगाड्यांनी उत्तर प्रदेश-बिहारकडं निघालेले कामगार इथल्या फाउंड्रींमध्ये राबत होते. गुजरीतले सोन्याचे बारीक काम करणारे बंगाली कारागीर कित्येक वर्षं इथं राहतात. त्यांचं नाव कुठल्या तालमीच्या यादीत असतं? कामगार गेले आणि उद्यमनगरातली मशीनं चालू करायला माणूस मिळेना, तेव्हा कारखानदारांना त्यांची किंमत कळली. परत आले तेव्हा खोली भाड्यानं देताना मात्र पुन्हा तेच प्रश्न.

बायकांचंही तसंच. कट्टा पुरुषांचा, तालीम पुरुषांची. बायकांच्या अर्धवट ओळखी होतात त्या पिठाच्या गिरणीत, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या दारात, कपिलतीर्थ मंडईत, हळदीकुंकवाला आणि बचत गटाच्या बैठकीत. टाळेबंदीत घरगुती पापड-मसाले, डबे, मास्क शिवणं यातून कित्येकींनी घर चालवलं. त्यांना "व्यापारी" म्हणून कुणी मोजलं नाही, म्हणून मदतीच्या चर्चेतही त्या नव्हत्या. गिरणी बंद पडली तर तिथल्या ओळखींची नोंद कुणाच्याही आराखड्यात नसते.

आणि जून 2023. समाजमाध्यमावरच्या स्टेटसवरून शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. ज्या दुकानांवर दगड पडले ती महामारीतून नुकतीच सावरलेली दुकानं होती. ज्या शहरात गणपती आणि मोहरम एकत्र आले की बाबूजमालसारख्या तालमीत गणराया आणि पंजा शेजारी बसतात, आणि हा योग 2018 पासून 2020 पर्यंत सलग आला, त्याच शहरात हे घडलं. मधल्या काळात काय हरवलं होतं याचा विचार करताना मला त्या अर्धवट ओळखीच आठवतात. दोन वर्षं लोक आपापल्या घरात, आपापल्या मोबाईलच्या ग्रुपवर होते. ग्रुपवर सगळे आपलेच असतात. दुकानाच्या काउंटरवर तसं चालत नाही. तिथं कोण शेजारी उभं राहील हे आपण निवडत नाही. एवढं एकच कारण होतं असा दावा मी करणार नाही, राजकारण होतंच. पण एकमेकांच्या दुकानात जाणं कमी झालेल्या शहरात अफवा लवकर पेटते.

शहर पुन्हा एकत्र आल्याचे क्षणही आहेत. 6 मे 2022 ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी थांबलं. रिक्षा, गिऱ्हाईक, दुकानदार, सगळे रस्त्यावर उभे. असे प्रसंग मनाला उभारी देतात. रोजचं काम मात्र त्यांनी होत नाही. ते व्हायला फुटपाथवर उभं राहायला जागा लागते.

जागेचा प्रश्न आला की महापालिका येते. इथल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये, ऐन महामारीत संपली, आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडं राहिला. म्हणजे सावरण्याची पाच वर्षं शहरात नगरसेवकच नव्हता. नगरसेवकाबद्दल आपण काहीही बोलत असलो, तरी फेरीवाल्याच्या शिफारसपत्रापासून गल्लीतल्या दिव्यापर्यंत, खालचं वर पोचवणारा तोच असतो. तालीम गल्लीला जोडते, बाजार गल्ल्यांना एकमेकांशी जोडतो, पण सरकारी टेबलापर्यंतचा जिना नगरसेवक किंवा वॉर्ड ऑफिसातला एखादा भला कारकून. तो जिना काढून घेतला की ज्याची वर ओळख आहे त्याचंच काम होतं.

आता नगरसेवक आहेत, एका प्रभागात एकाहून जास्त. त्यांना विचारण्यासारखी गोष्ट 2014 च्या पथविक्रेता कायद्यातच लिहिलेली आहे. प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती हवी, तिचे किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका हव्यात, आणि दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. महाद्वार रोडवर दुकानदार आणि फेरीवाला यांची रोजची कुरकुर अतिक्रमण विरोधी पथकाच्या गाडीनं मिटत नाही, चार दिवसांनी गाडे परत येतात. दोघांनी एका टेबलावर बसून कुठल्या वेळेला कोण कुठं उभं राहणार हे ठरवायची जागा कायद्यानं दिलेली आहे. त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि पुढची कधी आहे, हे आपापल्या प्रभागात विचारून बघा.